टाकीवरच्या दोन टपल्या

आमच्या दुकानातून कुठलंही मशीन दोन टपल्या मिळाल्याशिवाय बाहेर पडत नसे. मग ते गवत कापायचं असो, पाण्याचा पंप असो, नाहीतर वीज गेल्यावरच लोकांना आठवणारा जनरेटर. दुरुस्ती झाली, तेल भरलं, की बाबा मशीन सुरू करायला लावत. लाकडी मुठीचा हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर ते इंजिनाच्या पोटाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि ऐकत. त्या स्क्रू ड्रायव्हरला आम्ही दांडा म्हणायचो. आतला आवाज मनासारखा असला की पेट्रोलच्या टाकीवर बोटांनी दोन टपल्या. नसला की नुसता हात वर, आणि मी बटण दाबून इंजिन बंद करायचं. गिऱ्हाइकं पावती विसरून जायची, टपल्या विसरायची नाहीत.

हा दांडा पुढेमागे माझ्या हातात येणार, हे मी धरूनच चालले होते. का धरू नये? अठरा वर्षं मी त्या दुकानात राबले. नखांतलं काळं कुठल्या साबणाने जात नाही हे मी पैजेवर सांगू शकते. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, जळक्या तेलाच्या वासानेच शिंका यायच्या. तो कचेरीत चिकटला आणि सुटला. माझं लग्न झालं नाही. का ते सांगायची ही जागा नव्हे. बाबा आणि मी, दोघांचं दुकान. बाबांनी हात वर करायच्या आधीच माझा अंगठा बटणावर गेलेला असायचा, असं आमचं जमायचं.

मग दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी बसच्या आगारात इंजिनांच्या विभागात होती. तो विभाग बंद झाला तसे बाबा तिला म्हणाले, "घरी बसून काय करशील? दुकानात ये." दुसऱ्या दिवशी ती आली, बाह्या वर करून, स्वतःचे पाने स्वतःच्या पिशवीत घेऊन. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते मी रोज डोळ्यांनी बघत होते. घरचे म्हणायचे, अगं तिला 'तू' म्हण. मी हट्टाने 'तुम्ही' म्हणायचे. मान देण्यासाठी नाही, लांब ठेवण्यासाठी.

पहिली ठिणगी तेलावरून पडली. आमच्याकडे सगळ्या मशीनना तीस नंबरचं जाड तेल, वर्षानुवर्षं. ही म्हणाली, "ताई, थंडीत दहा-तीसचं पातळ तेल घालून बघूया का? जाड तेल सकाळी गोठल्यासारखं होतं. ते आत सगळीकडे उडेपर्यंत धातूवर धातू घासतो. इंजिनाची सगळ्यात जास्त झीज तेव्हाच होते."

"वहिनी, तुमच्या बसला थंड ठेवायला पाणी असतं. यांना नुसता वारा," मी म्हटलं. "उन्हात दोन तास गवत कापलं की पातळ तेल जळून जातं. मग बसा टाकीला वारा घालत."

ती हसली. तिचं हे हसणंही मला आवडायचं नाही. ती उठली, हात पुसले, बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि लहान मुलाला समजावावं तसं सावकाश सगळं सांगितलं. बाबा तिच्या तोंडाकडे टक लावून ऐकत होते. अठरा वर्षांत माझ्या बोलण्याकडे त्यांनी असं कधी लक्ष दिलं नव्हतं. मी बोलायचे ते कार्ब्युरेटरमध्ये डोकं घालून, तेही डोकं घालूनच हुं म्हणायचे.

"थंडीपुरतं हिचं तेल घालून बघू," बाबा म्हणाले.

आणि त्या थंडीत मशीनं एका ओढीत सुरू व्हायला लागली. माळीलोक दोरी ओढून ओढून खांदे चोळत यायचे, ते बंद झाले. "वहिनींचं तेल घाला हो," असं तोंडावर सांगायला लागले. वहिनींचं तेल! जणू हिने घाण्याला जुंपून घेऊन काढलं होतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

उन्हाळा आला तसं माझं म्हणणं खरं ठरलं. पातळ तेलाची मशीनं तेल प्यायला लागली. मी एक टोपण उघडलं, कांडी काढली (टोपणालाच जोडलेली तेल मोजायची डिपस्टिक, आम्ही कांडी म्हणतो) आणि बाबांच्या पाठीमागून म्हटलं, "बघा बाबा, पंधरा दिवसांत बोटभर तेल उडालंय. मी सांगितलं होतं ना?"

बाबांनी मानही वळवली नाही.

मी तशीच कांडी धरून उभी. मग वहिनी माझ्या हातातून ती घेऊन बाबांच्या समोर गेली. "बाबा, उन्हाळ्याला ताईंचं तीस नंबरच बरं. ताई बरोबर सांगत होत्या." बाबा लगेच म्हणाले, "मग तेच घाला ना." म्हणजे माझंच म्हणणं, पण तिच्या तोंडून आलं म्हणून गोड लागलं. तिने माझं नाव घेतलं, हे खरं. त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या बापाकडे माझी शिफारस करणारी ही कोण?

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. बाबा तिच्याशी किती बोलतात, माझ्याशी किती. फोन वाजला की हाक तिला. गिऱ्हाईक आलं की खूण तिला. मी काही विचारलं तर ऐकून न ऐकल्यासारखं. आणि सगळ्यांत वर म्हणजे दांडा. दांडा कानाला लावून झाला की ते तिच्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय वाटतं?" ती ऐकायची, समोर येऊन सांगायची, मगच टपल्या. मला अठरा वर्षांत एकदाही 'काय वाटतं' विचारलं नव्हतं. मी एकदा दादाला म्हटलं, तर तो म्हणतो, "शिकवत असतील तिला." हो, शिकवतच होते. कोणाच्या जागेसाठी, ते मला दिसत होतं.

तर त्या सकाळी रोपवाटिकेच्या बाई नवा पंप घेऊन आल्या. आमचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. बाई तोंडाच्या फटकळ, पण आमच्या टपल्यांशिवाय नवीन मशीनलाही हात लावायच्या नाहीत. "तेल घाला, चालवून बघा, टपल्या मारा, मी इथेच बसते," म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

तेल भरणं हे माझं काम. कोणी वाटून दिलेलं नव्हतं, पण होतं. मी मागे प्लग साफ करत होते, कोपरापर्यंत काळी. मी हात धुऊन येईपर्यंत बाबा म्हणाले, "राहू दे, आज ही भरेल."

ही भरेल!

मी पुसायचं फडकं हातात घेऊन बघत उभी राहिले. वहिनीने तेल ओतलं, कांडी पुसली, भोकात घातली आणि टोपण पिळून पिळून घट्ट बसवलं. मग काढून बघितलं. रेघ भरलेली. समाधानाने मान हलवली.

इथेच ती चुकली. बसची कांडी शेवटपर्यंत दाबून बसवायची आणि मग वाचायची, तो हात तिला आगारात लागलेला. या पंपाची कांडी नुसती भोकावर टेकवून वाचायची असते. पिळली की ती बोटभर जास्त खाली बुडते आणि अर्ध्या तेलालाही पूर्ण दाखवते. टोपणाशेजारी ते मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलंही असतं. आमच्या दुकानात ते वाचायची गरज कोणाला पडली नव्हती, कारण तेल मी भरायचे.

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. "वहिनी, कांडी पिळू नका," एवढे चार शब्द. मी ते गिळले.

मी मनात काय म्हटलं तेही सांगते, लपवायचं काय? मी म्हटलं, बाबा धरतील. अर्ध्या तेलाचं इंजिन भार पडला की आतून टकटक करतंच, आणि बाबांचा कान कधी चुकलाय? ते हात वर करतील, मी बटण दाबीन, इंजिनाला ओरखडाही जाणार नाही. फक्त बाईंच्या समोर बाबा विचारतील, "तेल कोणी भरलं?" एवढंच मला हवं होतं. सुंठीवाचून खोकला जाणार होता.

पंप बाहेर अंगणात नेला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे, गटाराकडे उतरतं. मशीन सपाट बसावं, आतलं तेल एका अंगाला जाऊ नये म्हणून खालच्या बाजूला मी लाकडाचा तुकडा लावते. त्या दिवशी लावला नाही. विसरले म्हटलं तर खोटं होईल.

वहिनी नेहमीसारखी बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तेही मला खुपलं. "वहिनी, तुम्ही पलीकडे पाण्याच्या टाकीपाशी पाइप धरा," मी म्हटलं. "जोराने उडतो तो."

ती घुटमळली. एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मी इथे थांबले असते तर बरं, ताई. पाइप बांधून ठेवूया का?"

"का? इथे काय तुमच्यावाचून अडलंय?"

ती गेली. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी. माझी जागा मला परत मिळाली: बाबांचा उजवा हात, बटणापासून वीतभर.

मी दोरी ओढली, पंप एका ओढीत सुरू झाला. पाणी सुटलं. पंप भारावर दहा मिनिटं चालवायचा, ही आमची रीत. पाच मिनिटं झाली, सहा झाली. सातव्या मिनिटाला आतून पहिली टकटक आली. बंद दारावर कोणी बोटाने वाजवावं तशी. मग सलग. बाईंनी सुद्धा खुर्चीतून मान वर केली.

बाबांनी दांडा टेकवला, मूठ कानाला लावली. मी मनात म्हटलं, आता. आता हात वर जाईल.

हात वर गेला नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या तोंडाकडे. मी चेहरा दगडासारखा ठेवला. म्हटलं, चूक तुम्ही काढा, मी चुगली केली असं नको व्हायला. टकटक आता खडखड झाली होती. बाबा थोडं हसले, आणि त्यांनी टाकीवर दोन टपल्या मारल्या.

मला काही कळेचना. तिकडे पाण्याच्या टाकीपाशी वहिनीने पाइप टाकून दिला. पाणी सापासारखं अंगणभर उडत होतं आणि ती भिजत धावत येत होती, दोन्ही हात हलवत. "बंद करा! ताई, बंद करा!" बटण माझ्या हातापासून वीतभर होतं. माझा हात हलला नाही. मी बाबांच्या बोटांकडे बघत होते, ती अजून टाकीवरच होती.

मग लोखंड तुटल्याचा एकच आवाज झाला आणि पंप हिसका देऊन थांबला. इंजिनाच्या कुशीला भोक पडलं होतं. त्यातून काळं तेल ठिबकत होतं, फार नाही, होतंच किती.

बाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, मी झाडं लावणारी बाई! मलासुद्धा कळत होतं आवाज धड नाही. आणि तुम्ही टपल्या कसल्या मारताय?"

बाबांनी बाईंकडे बघितलं, मग भोकाकडे, मग बाईंच्या तोंडाकडे पुन्हा. त्यांना काय विचारलंय ते समजलेलं नव्हतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते आणि ते मला तेव्हा दिसलं. पाठीमागून मारलेल्या हाका, न उचललेले फोन, वहिनीचं ते समोर जाऊन सावकाश बोलणं. सगळं एकदम दिसलं.

वहिनी धापा टाकत त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं. "बाबा," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी तेल कमी भरलं. चूक माझी आहे." मग बाईंकडे वळून तेच म्हणाली. "तुमचं पाणी अडणार नाही. आमचा पंप आत्ता घेऊन जा, याचं इंजिन आम्ही बदलून देतो." बाई कुरकुरल्या, पण घेऊन गेल्या. जाताना आमच्या पंपाला टपल्या मागितल्या नाहीत. आमच्या अंगणातून टपल्यांशिवाय बाहेर पडलेलं ते पहिलं मशीन.

बाई गेल्यावर बाबा दांडा मांडीवर ठेवून त्यांच्याच खुर्चीत बसले. मला समोर उभं राहायला खूण केली.

"तुला ऐकू आलं होतं?"

नाही म्हटलं असतं तर दोघंही सुटलो असतो. त्यांना वाटलं असतं, मुलीलाही आलं नाही, मग माझं काय एवढं. पण त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, आणि त्या डोळ्यांसमोर मला खोटं बोलता येईना.

"आलं होतं," मी म्हटलं.

"टपल्यांच्या आधी?"

मी मान हलवली.

बाबांनी मांडीवरचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला. मग म्हणाले, "दांड्यातून मला दीड वर्ष झालं काही येत नाही. नुसती मूठ थरथरते. हिने आठ दिवसांत ओळखलं. हिला विचारून टपल्या मारतो. पण हिला आपल्या मशीनांचे बारीक आवाज कुठे ठाऊक? म्हणून हिने बरं आहे म्हटलं तरी मी एकदा तुझ्या तोंडाकडे बघून घ्यायचो. तुझ्या कपाळाला आठी नसली की मशीन चांगलं. दीड वर्षात एकदाही चुकलो नाही."

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला. चढवून काही उपयोग नव्हता, तरी चढला.

"सांगितलं असतं तर दांडा तुला द्यावा लागला असता. तो तुझाच होता. तुझ्या हातात गेला की मी नुसता बसून राहणारा म्हातारा. म्हणून लांबवत होतो." ते थांबले. "आज तुझ्या कपाळाला आठी नव्हती."

कांडीचं सांगायला हवं होतं, लाकडाच्या तुकड्याचं सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं, वहिनीसमोरच, एकेक करून. सांगताना रडू आलं आणि त्याचाही राग आला. "पिळायची नव्हती कांडी," मी तिला म्हटलं, "नुसती टेकवायची होती, आणि मी बघत होते. तू चुकत होतीस आणि मी बघत होते." तिला 'तू' मी पहिल्यांदा म्हटलं ते असं. ती ओला पदर पिळत राहिली.

बाबा उठले. मला वाटलं आत जातायत. त्यांनी दांडा तिच्यापुढे धरला.

"मी कसा घेऊ?" वहिनी म्हणाली. "ताईंचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे, बाबा."

"आहेच," बाबा म्हणाले. "पण धावलीस तू."

त्याला आता सहा महिने झाले. तेल मीच भरते. थंडीत दहा-तीस, उन्हाळ्यात तीस नंबर, कांडी टेकवून, खाली लाकूड लावून. वहिनी दांडा कानाला लावते. कुठला आवाज कसला ते मी तिला सांगते, आणि ती शिकतेही भराभर. तिच्या हातात तो दांडा बघून पोटात कळ येत नाही, असं मी म्हणणार नाही. येते, रोज येते. खोटा आवाज आला की मी आता कोणाची वाट बघत नाही, सरळ बटण दाबते. माळीलोक म्हणतात, दोघींचं छान जमतं.

बाबा खुर्ची टाकून बाजूला बसतात. मशीन सुरू झालं की त्यांना अजून कळायला हवं असतं आत काय चाललंय, म्हणून ते तोंडाकडे बघतात. दीड वर्ष ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला पत्ता नव्हता. आता मी रोज त्यांच्या समोर उभी राहते, कपाळ दिसेल अशी. ते वहिनीच्या तोंडाकडे बघतात.